समुपदेशकांच्या संघटनेचं सभासदत्व घ्यावं का, आणि कोणत्या?

प्रश्न थोडक्यात असा आहे: समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए. झालेल्या, नाशिकला इंदिरानगरमध्ये राहणाऱ्या एक ताई गंगापूर रोडवरच्या एका दवाखान्यातली खोली संध्याकाळपुरती भाड्याने घेऊन दीड वर्षापासून समुपदेशन करतात. त्यांच्यासमोर तीन पर्याय आहेत. एक राष्ट्रीय पातळीवरची समुपदेशकांची संघटना. दुसरं एक खासगी नेटवर्क, जे वर्गणी भरली की ‘प्रमाणित थेरपिस्ट’ असं प्रमाणपत्र आणि यादीत नाव देतं. तिसरा नाशिकमधल्या समुपदेशकांचा व्हॉट्सॲप ग्रुप. कशात जावं, सभासद झाल्यावर क्लायंट मिळतात का, आणि आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेची, नोंदणी नाही म्हणून आधी ती करावी का, असं त्या विचारतात.

तिन्हींची उत्तरं आधी देते, कारणं मागून येतील. राष्ट्रीय संघटनेने मी खाली सांगितलेल्या एका प्रश्नाचं नीट उत्तर दिलं तर तिथे अर्ज करा. प्रमाणपत्रवाल्या नेटवर्कवर पैसे घालू नका. नाशिकच्या ग्रुपमध्ये जरूर राहा, पण तिथे केसबद्दल एक अक्षर लिहू नका. सभासदत्वामुळे क्लायंट फारसे येत नाहीत. आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (मानसिक आजारांचं निदान, चाचण्या व उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ) म्हणून होणारी आरसीआयची नोंदणी केवळ समुपदेशनातल्या एम.ए.वर मिळत नाही, त्यामुळे ‘आधी ती करू’ असा तो विषय नाही.

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो, म्हणून नोंदणी आणि सभासदत्व आधी वेगळं करून घेऊ. नोंदणी कायद्याखाली होते. भारतीय पुनर्वसन परिषद, म्हणजे आरसीआय, १९९२च्या कायद्याने चालते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तिच्या अखत्यारीत येतात. परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम मान्य संस्थेत पूर्ण केल्यावरच केंद्रीय रजिस्टरमध्ये नाव लागतं. नोंदणी नसताना ते काम त्या नावाने केलं तर याच कायद्याच्या तेराव्या कलमात एक वर्षापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. तुमच्या बोर्डवर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ लिहिलेलं असेल तर ते आजच उतरवा. ‘समुपदेशक, एम.ए. (समुपदेशन मानसशास्त्र)’ एवढं लिहा. ते खरं आहे आणि पुरेसं आहे.

क्लिनिकल नसलेले मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांच्यासाठी २०२१चा राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा आला. त्याच्या परिशिष्टात वर्तनविषयक आरोग्याचा एक गट आहे आणि त्यात आरसीआयखाली न येणारे मानसशास्त्रज्ञ, आरोग्य समुपदेशक, वैद्यकीय व मनोविकार क्षेत्रातले समाजकार्यकर्ते यांची नावं आहेत. नोंदणी राज्य परिषदेमार्फत व्हावी, अशी त्याची रचना आहे. त्या नोंदणीची वेळ येईल तेव्हासाठी तुमची पदवी, मार्कशीट, इंटर्नशिपचे दाखले, सुपरव्हिजनच्या (अनुभवी समुपदेशकापुढे आपलं काम मांडून मार्गदर्शन घेण्याच्या) तासांची नोंद हे सगळं एका फाइलमध्ये नीट लावून ठेवा. इंटर्नशिपची मूळ पत्रं मिळवायला वर्षं उलटल्यावर फार त्रास होतो. ज्यांनी सही केली ते मार्गदर्शक बदलून गेलेले असतात.

सभासदत्व म्हणजे यातलं काहीही नाही. कोणतीही संघटना, कितीही मोठं नाव असलं तरी, तुम्हाला काम करण्याचा परवाना देऊ शकत नाही. भारतीय क्लिनिकल सायकॉलॉजिस्टांची संघटना, आयएसीपी, १९६८ पासून आहे, तिचं स्वतःचं नियतकालिक आहे, तरीही तिचं सभासदत्व आणि आरसीआयची नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून जे नेटवर्क सांगतं की ‘आमचे सभासद व्हा आणि प्रमाणित थेरपिस्ट व्हा’, ते तुम्हाला एक गैरसमज विकत असतं. तो गैरसमज तुमच्यापाशी थांबला तर नुकसान तुमच्या वर्गणीपुरतं. पण ते प्रमाणपत्र भिंतीवर लागतं आणि समोर बसलेली बाई, जिने कधी समुपदेशक पाहिलेला नसतो, ती त्यावर विश्वास ठेवते.

आता तो एक प्रश्न. संघटनेला ईमेल करून सरळ विचारा: ‘माझ्या क्लायंटने माझ्याविरुद्ध तक्रार केली, तर तुम्ही काय कराल?’

या प्रश्नाने चाळणी लागते. चांगल्या संघटनेकडे लेखी आचारसंहिता असते, ती सभासद नसलेल्यालाही वाचायला मिळते. तक्रार कुणाकडे करायची ते ठरलेलं असतं. एक समिती असते आणि जिच्याविरुद्ध तक्रार आहे तिच्या जवळची माणसं त्या वेळी समितीतून बाजूला होतात. दोन्ही बाजू ऐकल्या जातात. शेवटी समज देणं, ठरावीक काळ सुपरव्हिजनखाली काम करायला लावणं, किंवा सभासदत्व काढून घेणं, यांपैकी काहीतरी होतं. ज्या नेटवर्ककडून ‘आमच्याकडे तक्रारी येतच नाहीत’ किंवा ‘आम्ही फक्त व्यासपीठ देतो’ असं उत्तर येतं, तिथून परत फिरा. जी संघटना कुणालाही काढू शकत नाही, तिने आत घेण्याला अर्थ राहत नाही.

हे मी फार ताणून सांगते आहे असं वाटेल. पण आपल्या व्यवसायात दार बंद करून दोन माणसं बसतात. आत काय झालं ते तिसऱ्याला दिसत नाही. शस्त्रक्रिया चुकली तर कागद, तपासण्या, साक्षीदार असतात. इथे समोरच्या व्यक्तीला आपल्यावर अन्याय झाला हे कळायलाच कधी कधी वर्षं जातात, आणि कळल्यावर सांगायचं कुणाला हे माहीत नसतं. पोलिसात जाण्यासारखं प्रकरण नसतं, ग्राहक आयोगात जायची हिंमत नसते. समुपदेशकाने क्लायंटकडून उसने पैसे घेतले, तिच्या घरच्या कार्यक्रमाला जाऊन बसला, तिची गोष्ट व्याख्यानात सांगितली: अशा गोष्टींना दाद मागण्यासाठी जवळ एक जागा हवी. ती जागा संघटनेनेच द्यायची असते.

ब्रिटनमध्ये ‘काउन्सेलर’ हे नाव वापरायला आजही कायद्याने बंदी नाही. तिथे ही पोकळी संघटनांनी भरली. बीएसीपी ही तिथली मोठी संघटना १९७७ साली सुरू झाली. ती तक्रारींची सुनावणी करते, ज्यांचं सभासदत्व काढलं त्यांचे निर्णय जाहीर करते, आणि मान्यताप्राप्त सभासदाला महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजन सक्तीचं ठेवते. वर या संघटनांच्या याद्या तपासणारी एक स्वतंत्र सार्वजनिक संस्था आहे. आपल्याकडची परिस्थिती वेगळी आहे, म्हणून त्यांचं सभासदत्व घ्या असं मी म्हणत नाही. नाशिकमध्ये बसून परदेशी संघटनेची अक्षरं नावापुढे लावण्याचा तुमच्या क्लायंटला उपयोग शून्य. पण संघटनेकडून काय मागायचं, याचं माप म्हणून हे डोळ्यासमोर असू द्या.

दुसरी खूण अर्जाच्या फॉर्ममध्ये दिसते. तुमची पदवी कोणत्या विद्यापीठाची, प्रत्यक्ष कामाचे तास किती, सुपरव्हायझर कोण, त्यांचं पत्र, हे सगळं मागितलेलं असेल तर समजा की आत बसलेल्यांनी असाच फॉर्म भरलेला आहे. नाव, फोटो आणि पेमेंटची लिंक एवढंच असेल तर यादीतल्या तुमच्या शेजारी कोण असेल ते सांगता येत नाही. संघटना कागदावर काय आहे तेही पाहा. महाराष्ट्रातल्या संस्था बहुधा १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात. त्यांची घटना असते, कार्यकारिणी निवडली जाते, हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातात, वार्षिक सभेत सभासदाला प्रश्न विचारता येतो. काही नेटवर्क मात्र खासगी कंपन्या असतात. कंपनी असणं वाईट नाही, पण तिथे तुम्ही ग्राहक असता. मतदान नाही, सभा नाही. हे माहीत असून पैसे भरावेत.

वर्गणीबद्दल एकच सांगते: आजीव सभासदत्व पहिल्या वर्षी घेऊ नका. वार्षिक घ्या, एक वर्ष त्यांचे कार्यक्रम, पत्रव्यवहार, माणसं बघा. एकरकमी भरल्यावर संघटनेला तुमची गरज उरत नाही, आणि तुम्हालाही प्रश्न विचारायचं कारण राहत नाही.

तुम्ही एखादी विशिष्ट पद्धत शिकत असाल तर त्या पद्धतीच्या वर्तुळाकडेही बघा. विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची (आरईबीटी, म्हणजे अविवेकी विचार बदलून भावना बदलायला शिकवणारी पद्धत) महाराष्ट्रात कि. मो. फडके यांच्यामुळे जुनी परंपरा आहे आणि तिचं शिक्षण मराठीतून घेतलेली माणसं भेटतात. ट्रान्झॅक्शनल ॲनालिसिस (माणसांमधल्या देवाणघेवाणीचं विश्लेषण करणारी पद्धत) वापरणाऱ्यांची दक्षिण आशियाई संघटना आहे. सर्वसाधारण संघटनेत आचारसंहिता मिळते. पद्धतीच्या वर्तुळात प्रत्यक्ष काम सुधारतं. दोन्ही परवडत असेल तर उत्तम, नाहीतर तुमच्या टप्प्यावर मी दुसऱ्याकडे झुकेन, पण तक्रारीचा प्रश्न त्यांनाही विचारूनच.

आता ज्यासाठी मी सभासद व्हा म्हणते, ते सुपरव्हिजन. एकट्याने खोली घेऊन काम करणाऱ्याला याची गरज सर्वांत जास्त असते आणि मिळतं सर्वांत कमी. एखादी क्लायंट आली की आपण नकळत दहा मिनिटं जास्त देतो. तिच्याकडे फी मागताना संकोचतो. रात्री साडेदहाला आलेल्या तिच्या मेसेजला उत्तर देतो. आपल्याला ही माया वाटते. मग सुपरव्हिजनमध्ये कुणीतरी विचारतं, ‘तिला नाही म्हटलंस तर काय होईल असं तुला वाटतं?’ आणि आपण गप्प होतो, कारण उत्तर क्लायंटबद्दलचं नसतं, स्वतःबद्दलचं असतं. पुस्तक वाचून हे दिसत नाही. आपल्या कामात अडकलेली जागा दुसऱ्याच्या डोळ्यांनीच दिसते.

नाशिकमध्ये याची एक खास अडचण आहे. शहर वाढलं तरी ओळखी अजून गावासारख्या आहेत. सातपूर-अंबडच्या कारखान्यातला अधिकारी, त्याची बायको शिकवते ती शाळा, मुलाचा क्लास, हे तिन्ही धागे ग्रुपमधल्या चार समुपदेशकांपैकी एकीला तरी माहीत असतात. ‘पिंपळगावचे द्राक्ष निर्यातदार, दोन मुलगे, धाकट्याचा घटस्फोट’ एवढं म्हटलं की नाव न घेताही माणूस ओळखला जातो. म्हणून केस मांडताना गाव, पीक, पद, मुलांची संख्या बदलायची किंवा सांगायचीच नाही. आपण अडलो कुठे ते सांगायचं. सुपरव्हिजनला त्यापलीकडे फारसं लागत नाही. आणि ज्या केसमध्ये हे करूनही ओळख लपत नाही, ती पुण्या-मुंबईतल्या सुपरव्हायझरपुढे ऑनलाइन मांडायची. अशी बाहेरगावची व्यक्ती शोधून देणं हे राष्ट्रीय संघटनेचं तुमच्यासाठीचं सर्वांत मोठं काम आहे. सुपरव्हायझरला पैसे द्या. फुकट सुपरव्हिजन दोन महिन्यांत गप्पांवर येतं.

यामुळेच मी व्हॉट्सॲप ग्रुपवर केस लिहू नका म्हटलं. ‘१९ वर्षांची मुलगी, सिडको, हाताला कापून घेते, काय करू?’ असे मेसेज मी पाहिले आहेत. लिहिणारी घाबरलेली असते, मला तिची तळमळ कळते. पण तो मेसेज शंभर फोनमध्ये जातो, कुणाच्या तरी मुलाच्या हातात तो फोन असतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि तो हक्क नसता तरी हे करायचं नव्हतं. अशा वेळी ग्रुपमधल्या एका अनुभवी व्यक्तीला फोन करा. ग्रुपचा खरा उपयोग हा आहे की तो फोन नंबर तुमच्याजवळ आधीपासून असतो.

दुसरा उपयोग रेफर करण्याचा, आणि त्याबाबत स्थानिक ग्रुप कोणत्याही राष्ट्रीय यादीपेक्षा उपयोगी पडतो. औषधांची गरज दिसली तर कोणते मनोविकारतज्ज्ञ रुग्णाचं ऐकून घेतात, कोणाकडे आठवड्याच्या आत वेळ मिळते, हे इथल्याच माणसांना माहीत. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, नाशिकला नाही. त्यामुळे भरती करायची वेळ आली तर जिल्हा रुग्णालय की खासगी, हे रात्री अकरा वाजता शोधत बसू नये. व्यसनाच्या केससाठी पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून काम करतं आहे, तिथे पाठवण्याची पद्धत माहीत असलेलं कुणीतरी ग्रुपमध्ये असतं. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मोफत हेल्पलाइनचा, क्रमांक तर खोलीच्या भिंतीवरच लावा; तुम्ही उपलब्ध नसाल त्या रात्रीसाठी तो आहे.

भाषा हाही इथला मुद्दा आहे. सुरगाणा-पेठकडची मुलगी वसतिगृहात राहते आणि मनातलं कोकणा बोलीतच बोलू शकते. मालेगाव-सटाण्याकडच्या आजींना अहिराणी समजणारी व्यक्ती समोर असली की चेहराच बदलतो. कोणत्या समुपदेशकाला कोणती बोली येते, याची साधी यादी तुमच्या ग्रुपने केली तर मला फार आनंद होईल. राष्ट्रीय संघटनेच्या यादीत हा रकाना बहुधा नसतो.

लहान मुलांसोबत काम करणार असाल तर एक गोष्ट ग्रुपमध्ये सर्वांना पाठ हवी. २०१२च्या पोक्सो कायद्याच्या एकोणिसाव्या कलमानुसार अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. गोपनीयतेचं कारण तिथे चालत नाही, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. पालकांशी आणि मुलाशी हे पहिल्याच भेटीत बोलायचं असतं. कसं बोलायचं, याचा सराव एकट्याने होत नाही, चारजणींनी मिळून करावा लागतो.

आणि एक ठाम सांगणं: रेफर केल्याबद्दल पैसे घेऊ नका, देऊ नका. ‘सगळेच देतात’ असं कुणी म्हणेल. ज्या क्लायंटला तुम्ही कमिशनसाठी कुणाकडे पाठवता, तिला तुम्ही तिच्या गरजेनुसार पाठवलेलं नसतं. ज्या ग्रुपमध्ये हे उघड चालतं, तिथे राहू नका, मग तो कितीही मदतीचा असो.

क्लायंट मिळण्याबद्दल. संघटनेच्या यादीतून कधीतरी फोन येतो, बहुधा ऑनलाइन सेशनसाठी आणि दुसऱ्या शहरातून. नाशिकमध्ये माणसं येतात ती फॅमिली डॉक्टरांच्या सांगण्यावरून, शाळेतून, आणि आधी येऊन गेलेल्यांच्या शब्दावरून. तुम्ही आत्ता ज्या दवाखान्यात बसता तिथल्या डॉक्टरांशी महिन्यातून एकदा दहा मिनिटं बोलणं हे कोणत्याही यादीपेक्षा जास्त फळ देईल. यादीत नाव घालाल तेव्हा घरचा पत्ता आणि रोजचा नंबर देऊ नका. कामाचा वेगळा नंबर ठेवा आणि तो रात्री बंद राहील हे लिहा.

आरसीआयबद्दल उरलेलं: तुम्हाला निदान, चाचण्या, तीव्र आजारांसोबत काम यात जायचं असेल तर क्लिनिकल प्रशिक्षणाचा विचार नक्की करा, पण वयाचा, पैशाचा, घर सोडून राहण्याचा हिशेब घालून. अभ्यासक्रमांची रचना सध्या बदलते आहे, त्यामुळे कुणा एजंटच्या किंवा कॉलेजच्या माहितीपत्रकावर जाऊ नका. प्रवेशाच्या वर्षी परिषदेच्या संकेतस्थळावर त्या संस्थेचं आणि त्या अभ्यासक्रमाचं नाव आहे का ते स्वतः पाहा. नातेसंबंध, विद्यार्थी, शोक, कामाचा ताण यांतच काम करायचं असेल तर त्या पदवीसाठी थांबून राहण्याची गरज नाही. सहयोगी सभासद असा वर्ग असलेल्या संघटना आहेत, तिथून सुरुवात होते.

या महिन्यात इतकं करा: राष्ट्रीय संघटनेला तो ईमेल पाठवा आणि ग्रुपमधल्या तुमच्यासारख्याच तीन-चार जणींना विचारून महिन्याचा एक ठरलेला वार सुपरव्हिजनसाठी बांधून घ्या. मग तुमच्या संमतीपत्रात दोन वाक्यं वाढवा. पहिलं: ‘माझं काम नीट व्हावं म्हणून मी अनुभवी समुपदेशकांशी त्याबद्दल चर्चा करते, त्यात तुमची ओळख पटेल असं काहीही सांगत नाही.’ दुसरं: ‘माझ्या कामाबद्दल तक्रार असल्यास ती या संघटनेकडे करता येते’, आणि पुढे संघटनेचं नाव व पत्ता. ज्यांना वाचता येत नाही त्यांना दोन्ही वाक्यं तोंडी सांगा. पहिलं वाक्य लगेच छापून घ्या. दुसरं मात्र संघटनेकडून तक्रारीच्या पद्धतीबद्दल लेखी उत्तर आल्यावरच.